काय मेहुणे, डास काय म्हणतायत?

अंबरनाथ पश्चिमेला आम्ही राहतो त्या सोसायटीत मला सगळे ‘मलेरियावाले काका’ म्हणतात. गच्चीवरच्या टाकीत अळ्या झाल्या की सेक्रेटरी आधी माझी बेल वाजवतात. मी बॅटरी घेऊन वर जातो, टाकीत डोकावतो. अळी पाण्याला समांतर पडलेली असेल तर मलेरियाचा डास, तिरकी लटकत असेल तर दुसरा. ‘‘तिरकी आहे, घाबरू नका,’’ असं मी गंभीरपणे सांगतो आणि सोसायटी निर्धास्त झोपते.

मी मलेरिया खात्यात एक दिवससुद्धा नोकरी केलेली नाही.

नव्वदच्या दशकात सात-आठ वर्षं मी एड्स प्रतिबंधाचं काम करत होतो. एवढं एक वाक्य कागदावर यायला पन्नाशी ओलांडावी लागली. आजही ते माझं मी लिहिलं नसतं. बदलापूरच्या ताईने लिहायला लावलं. तिचं नाव पुढे येईलच. तीच या सगळ्याची मालकीण आहे.

बी. कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो तेव्हा एका संस्थेची ‘आरोग्य प्रचारक पाहिजेत’ अशी जाहिरात आली. मुलाखतीला डॉक्टरबाई होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘लाजता का?’’ मी खाली बघत ‘‘नाही’’ म्हटलं. बाई हसल्या, पण घेतलं मला.

आमच्या घरची तऱ्हा सांगितली पाहिजे. टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीतली बाई आंघोळीला लागली की आमची आई पडद्यासमोर पदर पसरून उभी राहायची. जाहिरात संपल्याचं आवाजावरून कळलं की बाजूला व्हायची. अशा घरात मी जाऊन काय सांगणार होतो, की आजपासून मी निरोध वाटतो? मी सांगितलं, ‘‘हिवतापाची नोकरी लागली.’’ आईने देवापुढे साखर ठेवली.

खोटं सांभाळायला अभ्यास लागतो. मी लायब्ररीतून डासांवरचं पुस्तक आणलं. चाळीत लोक पिंप दाखवायला बोलवायला लागले, तेव्हा कल्याणहून अळ्या खाणारे गप्पी मासे आणून पिंपात सोडले. दोन वर्षांत आमच्या चाळीतला मलेरिया खरंच कमी झाला. माझ्या खोट्या नोकरीचा निकाल खऱ्या नोकरीपेक्षा कितीतरी चांगला लागत होता.

खऱ्या नोकरीत काम तसं सोपं होतं. दुपारच्या सुट्टीत कारखान्यांच्या गेटवर, रिक्षास्टँडवर, बुवापाड्याच्या नाक्यावर उभं राहायचं आणि सांगायचं: हा रोग शरीरसंबंधातून होतो, दुसऱ्याच्या रक्तातून, वापरलेल्या सुईतून होतो, आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने होत नाही. निरोध वापरा. शंका असेल तर रक्त तपासा. पाच मिनिटांचं भाषण. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे, कारण ते त्यांच्यासाठी नाही अशी प्रत्येकाची खात्री असायची. अंबरनाथकर म्हणायचे, ‘‘हे तिकडे उल्हासनगरात सांगा.’’ उल्हासनगरवाले म्हणायचे, ‘‘कल्याणला जाओ.’’ ऑफिसरना वाटायचं कामगारांचा रोग, कामगारांना वाटायचं ड्रायव्हर लोकांचा, आणि ड्रायव्हर म्हणायचे, ‘‘आपण घरचा डबा खाणारा माणूस, साहेब.’’ ज्याला हा रोग होऊ शकतो असा माणूस मला पहिल्या वर्षात भेटलाच नाही.

प्रश्न मात्र सगळीकडे एकच यायचा. ‘‘डास चावल्याने होतो का हो?’’ माझ्या दोन्ही नोकऱ्या या एका प्रश्नात एकत्र यायच्या. मी इतक्या अधिकाराने ‘‘नाही’’ म्हणायचो, की तेवढ्यापुरता माझ्यावर सगळ्यांचा विश्वास बसायचा.

निरोध कसा वापरायचा हे दाखवायला लाकडी नमुना लागतो. संस्थेचा नमुना कुठेतरी हरवला, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘उल्हासनगरात फर्निचरवाले आहेत, करून घ्या.’’ मी तिथल्या कँपातल्या लछमनदास नावाच्या सिंधी कारागिराकडे गेलो. दुकानात त्याचे वडील बसलेले, दोन बायका सोफा बघत होत्या. मला काही बोलवेना. कागदावर आकृती काढली. सहा इंच, वरून गोल, खाली सपाट.

‘‘सोफे का पाया?’’ लछमनदास म्हणाला.

मी मान डोलावली. इथेच चुकलो.

आठवड्याने गेलो तर त्याने खरादावर फिरवून चार केले होते. शिसवी पॉलिश, बुडाला स्क्रूचं भोक.

‘‘चार कशाला? एकच हवा होता.’’

‘‘अरे साईं, एक पाये का सोफा कौनसे कँप में बिकता है?’’

मी एक उचलून पिशवीत टाकला. उरलेल्या तिघांकडे बघत तो विचारात पडला. मग त्याने माझं तोंड बघितलं, पाय बघितला, परत माझं तोंड बघितलं. त्याच्या डोक्यात उजेड पडल्याचं मला दिसलं. वडिलांकडे पाठ करून तो हळूच म्हणाला, ‘‘पहले बोलना था ना. पॉलिश नहीं मारता.’’ वाया कशाला घालवायचे म्हणून त्याने त्या तिघांवर गोल फळी ठोकून छोटी तिवई करून दिली. ती घरी ठेवायची माझी हिंमत झाली नाही. बदलापूरला सुमनताईकडे वास्तुशांत होती, तिथे आहेर म्हणून दिली. तिला फार आवडली. ‘‘बाळूने पहिल्यांदा काहीतरी सुबक आणलं,’’ असं ती आल्यागेल्याला सांगायची आणि मी उठून पाणी प्यायला जायचो.

सुमनताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले. माझी फी, माझा डबा, माझा अभ्यास सगळं तिने पाहिलं. तिचं घर बदलापूरला मांजर्लीत, नदीच्या बाजूला. भाऊजी अंबरनाथच्या एका मशीन कारखान्यात फिटर. मोठ्या मशीन गिऱ्हाइकाकडे नेऊन बसवायच्या असत, त्यासाठी ते चार-सहा महिने बाहेरगावी असायचे. उंच, दिलखुलास माणूस. भेटले की पाठीवर थाप मारून पहिलं वाक्य ठरलेलं: ‘‘काय मेहुणे, डास काय म्हणतायत?’’

मी म्हणायचो, ‘‘मजेत आहेत.’’ ते गडगडाटी हसायचे. भाऊजींचा कारखाना मी माझ्या गेटच्या यादीतून पहिल्याच दिवशी गाळला होता.

आता सुदामच्या सलूनबद्दल. भाषणाने काम होत नाही हे वर्षभरात कळलं. लोकांना निरोध हवे असायचे, पण मागायला तोंड उघडायचं नव्हतं, आणि द्यायला माझंही उघडत नव्हतं. दोन्हीकडून लाज असल्यावर मध्ये फळी घालावी. लछमनदासकडून (या वेळी सगळं नीट सांगून) एक लाकडी पेटी करून घेतली. स्टेशनजवळच्या सुदामच्या सलूनमध्ये मागे हात धुवायची मोरी होती, पडद्याआड. तिथे पेटी टांगली. हात धुवायला जायचं, हवं ते काढून घ्यायचं, कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. पेटीला वर एक फट ठेवली. प्रश्न असेल तर चिठ्ठी टाका, उत्तर पुढच्या आठवड्यात आरशाशेजारच्या फळीवर लागेल.

पहिल्या सोमवारी, सलून बंद असतं म्हणून, मी पेटी उघडली. तीन चिठ्ठ्या होत्या. एकीत ‘खुर्चीची गादी फाटली आहे’, दुसरीत ‘रेडिओ मोठा लावा’, तिसरीत ‘सुदाम फार बोलतो’. पण महिन्याभरात खरे प्रश्न यायला लागले, आणि काय प्रश्न! गेटवर गप्प बसणारं अंबरनाथ त्या फटीतून भडाभडा बोलायला लागलं. मी दर सोमवारी संस्थेच्या लेटरहेडच्या पाठीवर उत्तरं लिहून टाचायचो. ज्यांना वाचता येत नसे त्यांना सुदाम दाढी करता करता मोठ्याने वाचून दाखवायचा. मानेवर वस्तरा असल्याने मध्येच कुणी हसत नसे. माझ्या नोकरीतली ही एकच गोष्ट मी अभिमानाने सांगतो. पेटी रिकामी व्हायची, मी भरायचो, परत रिकामी व्हायची.

हे इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं.

एका रविवारी ताई-भाऊजी आमच्याकडे जेवायला आले होते. ताई आईबरोबर स्वयंपाकघरात. बाहेर आम्ही दोघं. भाऊजी नुकतेच सहा महिन्यांनी बाहेरगावहून परतले होते. हातातल्या पेपरची कड नखाने सोलत ते म्हणाले, ‘‘मेहुणे, ते तुम्ही लोक मलेरियासाठी रक्त घेता ना...’’

‘‘हो.’’

‘‘त्यात बाकीचं काही कळतं का?’’

मी कामात शेकडो माणसं ऐकली होती. ‘बाकीचं’ हा शब्द त्या आवाजात उच्चारणारा माणूस काय विचारतोय हे मला झोपेतसुद्धा कळलं असतं. तेव्हाही कळलं. स्पष्ट कळलं. आत आईच्या हातातलं लाटणं ऐकू येत होतं, म्हणजे तिलाही आमचं ऐकू जात असणार.

मी म्हणालो, ‘‘नाही भाऊजी. त्यात फक्त मलेरिया कळतो.’’

‘‘बरं बरं,’’ ते म्हणाले. ‘‘सहज विचारलं.’’ आणि त्यांनी पेपर वाचायला घेतला.

पुढच्या सोमवारी पेटीत एक निळसर चिठ्ठी निघाली. कारखान्यात ड्रॉइंगच्या निळ्या प्रती काढतात त्या कागदाचा तुकडा. त्याला अमोनियाचा वास येतो. फिटरच्या जाड पेन्सिलीने, मुद्दे घालून लिहिलं होतं:

‘१) एक माणूस सहा महिने बाहेरगावी होता. २) तिथे चूक झाली. एकदा नाही. ३) रक्त कुठे तपासतात? ४) बायकोला काही होईल का? ५) उत्तर मोठ्या अक्षरात लिहा, चष्मा आहे.’

ते अक्षर मी ओळखलं. ताईच्या वास्तुशांतीच्या निमंत्रणावर माझं नाव त्याच अक्षरात होतं.

तेव्हाच्या तेव्हा गाडी पकडून बदलापूरला जायचं, असं कुणीही म्हणेल. मी सुदामच्या खुर्चीत बसलो आणि मोठ्या अक्षरात उत्तर लिहिलं. ठाण्याच्या सरकारी इस्पितळात तपासणी होते, नाव कुणाला सांगत नाहीत. पहिल्या तपासणीत काही निघालं नाही तरी तीन महिन्यांनी परत करा, कारण रोग सुरुवातीला रक्तात दिसत नाही. तोवर पेटीतलं वापराच, एकदासुद्धा चुकू नका. आणि बायकोला सांगा.

उत्तर उत्तम होतं. त्याहून चांगलं उत्तर मी कधी लिहिलं नाही. फक्त ते फळीवर होतं.

मग आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढची निळी चिठ्ठी: ‘१) तपासलं. २) आहे. ३) पेटीतलं वापरतो. हिला कारण एवढंच सांगितलं, डॉक्टर म्हणाले आता दुसरं मूल नको. ४) सुदामला सांगा, उत्तर वाचताना वस्तरा थांबवत जा, काल एकाचा कान थोडक्यात वाचला.’

‘आहे’ हा दोन अक्षरी शब्द वाचून मी सलूनच्या बंद शटरमागे किती वेळ बसलो ते आठवत नाही. त्या काळी या रोगावर आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं औषध नव्हतं. मी उत्तर लिहिलं: खाणंपिणं सांभाळा, खोकला-ताप अंगावर काढू नका, हमखास बरं करतो म्हणणाऱ्या भोंदूंच्या नादी लागू नका. खाली लिहिलं: ‘सुदामला सांगितलं.’

आणि रविवारी भेटलो की? ‘‘काय मेहुणे, डास काय म्हणतायत?’’ ‘‘मजेत आहेत, भाऊजी.’’ थाप तशीच, हसणं तसंच. सोमवारी तोच माणूस मला विचारायचा, की मुलीचा पापा घेतला तर चालतो का. मी मोठ्या अक्षरात लिहायचो: घ्या, रोज घ्या.

असं वर्षभर चाललं. मग एका सोमवारी चिठ्ठी आली ती मुद्द्यांनी सुरू होत नव्हती.

‘मेहुणे, तुमचा कार्यक्रम मी पहिल्याच वर्षी शेजारच्या कारखान्याच्या गेटवर पाहिला. चहाला आलो होतो. तुमच्या हातात आमच्या तिवईचा चौथा पाय होता. इतका हसलो, पण घरी बोललो नाही, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. त्या रविवारी मलेरियाचं नाव काढलं ते तुमची सोय बघून. असो. १) हिला सांगणं माझ्याने होत नाही. २) तिची तपासणी झाली पाहिजे. ३) तुम्ही सांगाल का? रोज अनोळखी लोकांना सांगता.’

मी उत्तर लिहिलं. एकच शब्द. ‘येतो.’

गेलो. त्याच रविवारी मांजर्लीला गेलो. भाऊजी वाळले होते, खाटेवर टेकून बसले होते. ताई चहा टाकत होती. मी म्हणालो, ‘‘ताई...’’ ती वळली. मी म्हणालो, ‘‘मागचं पिंप बघून घेतो.’’ पिंप बघितलं. गप्पी मासे सोडले. चहा प्यालो, परत आलो.

दुसऱ्या रविवारी मोरीचं बघितलं. तिसऱ्या रविवारी बघायला काही उरलं नव्हतं, तर शेजाऱ्यांच्या पिंपात मासे सोडून आलो. भाऊजींनी एकदाही आठवण केली नाही. नुसते बघायचे.

चौथ्या रविवारी मी दारात चपला काढतोय तोच ते खाटेवरून म्हणाले, ‘‘काय मेहुणे, डास...’’

‘‘पुरे!’’ ताई म्हणाली.

तिने चहाचे कप तिवईवर आपटून ठेवले आणि पदराला हात पुसत खाली बसली. ‘‘वर्षानुवर्षं डास, डास ऐकून कान किटले माझे. बाळू, बस इथे. पिंपाकडे जायचं नाही.’’

मी बसलो.

तिने कमरेचं पाकीट काढलं, त्यातून घडी केलेला कागद काढला. ‘येतो.’ माझं मोठं अक्षर. भाऊजींनी तो फळीवरून काढून खिशात ठेवला होता, आणि धुण्यात तो ताईला सापडला होता. उलट्या बाजूला संस्थेचं लेटरहेड. त्यावर ठळक छापलं होतं, ‘एड्स प्रतिबंध प्रकल्प’.

‘‘अक्षर तुझं, शर्ट यांचा,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच दिवशी विचारलं यांना. सांगितलं सगळं. रडले बिचारे. दुसऱ्या दिवशी एकटी ठाण्याला गेले, रक्त देऊन आले.’’

‘‘ताई, मग मला...’’

‘‘तुला काय? तू येणार होतास ना? लिहून दिलं होतंस. पहिल्या रविवारी आलास तेव्हा म्हटलं आता बोलशील. तू पिंपात डोकं घातलंस. दुसऱ्या रविवारी म्हटलं, आज. रिपोर्ट यायचा होता रे माझा. तीन आठवडे मी तुला चहा करून देत होते. माझा भाऊ त्याच खात्यात, आणि माझ्या शेजारी बसायला कुणी नाही.’’ तिने कागदाची घडी परत घातली. ‘‘तू आलास, नाही असं नाही. पण यायचा तो मलेरियावाला.’’

मला वर बघवेना. समोर तिवईचे तीन पाय होते, तिकडेही बघवेना.

‘‘रिपोर्ट?’’ मी विचारलं. गेल्या चार रविवारी तोंडातून निघालेला तो पहिला खरा शब्द.

‘‘नाहीये मला,’’ ती म्हणाली. ‘‘गुरुवारी आला. तीन महिन्यांनी परत बोलावलंय.’’

भाऊजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ‘‘पेटीने वाचवलं तिला, मेहुणे.’’

‘‘पेटीने वाचवलं, मान्य,’’ ताई म्हणाली. ‘‘पण पेटी काही बोलत नाही.’’

तीन महिन्यांनंतरही तिचा रिपोर्ट चांगलाच आला. त्या एका गोष्टीवर मी आजवर झोपतोय. भाऊजी पुढे अडीच वर्षं होते. त्या अडीच वर्षांत आम्ही खरं बोललो. औषधाचं, भीतीचं, भाचीच्या शाळेचं, त्या बाहेरगावच्या एकटेपणाचंही. माणूस बोलायला किती गोड होता हे मला चिठ्ठ्या बंद झाल्यावर कळलं. वर्षभर मी त्यांच्याशी सोमवारी बोललो, तेही ते समोर नसताना. ते एक वर्ष मला कुणी परत देणार नाही. शेवटी शेवटी अंगात ताप असला की ते स्वतःच म्हणायचे, ‘‘मलेरिया असेल. तुमच्या खात्याचं काम कच्चं आहे.’’ ते गेल्यावर माझ्याकडे त्यांच्या सतरा निळ्या चिठ्ठ्या राहिल्या. अमोनियाचा वास आता गेला.

आई जाईपर्यंत तिला मी मलेरियातच ठेवलं. तो अपराध लहान वाटतो म्हणून इथे घुसवतोय.

गेल्या महिन्यात ताई म्हणाली, ‘‘तुझ्या सोसायटीत अजून मलेरियावाला म्हणतात ना रे? लाज नाही वाटत? एवढी माणसं वाचवली असशील त्या पेटीने. लिही एकदा. यांचंही लिही. नाव नको घालूस, पण हसू घाल, नाहीतर ते वाचणार नाहीत.’’

म्हणून लिहिलं. काल रात्री जेवणानंतर हे सगळं तिला फोनवर वाचून दाखवलं. तिचा फोन त्या तिवईवर असतो, आणि मी पायांच्या मजकुरापर्यंत आलो तेव्हा पलीकडे खरखर झाली. बहुतेक तिने फोन उचलून मांडीवर घेतला असावा. मग ती इतकी हसली की मला थांबावं लागलं. नंतरच्या भागात ती काही बोलली नाही. मीही थांबलो नाही, शेवटपर्यंत वाचलं.

‘‘ताई, आहेस ना?’’

‘‘आहे रे,’’ ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. ‘‘चांगलं लिहिलंयस. सगळं खरं आहे.’’ आणि मग, ‘‘रविवारी ये. येताना गप्पी मासे आण थोडे. पिंपात अळ्या झाल्यात.’’

‘‘तिरक्या आहेत की समांतर?’’

‘‘ते तू येऊन बघ,’’ ताई म्हणाली. ‘‘पण आधी माझ्याजवळ बसायचं. पिंप नंतर.’’